पुष्पलतेची सकाळ

“लेकरू मुकं बसलं तर त्याच्या मागे लागू नकोस. तूही त्याच्याजवळ मुकी बस.”

बालवाडीचं काम शिकवणाऱ्या बाईंचे हे शब्द गोदाबाईला रोज सकाळी आपल्या बालवाडीच्या दारात गोपद्मं काढताना आठवत. गाईच्या पावलांची ती रांगोळी हा तिचा चातुर्मासाचा नेम. त्या पांढऱ्या पावलांवरून पोरं खुशाल धावत यायची. पुष्पलता तेवढी वळसा घालून आत यायची आणि भिंतीशी जाऊन बसायची.

पाचवं लागलेली पोर. आषाढ सरता सरता तिची आजी वारली आणि घरी सांभाळायला कोणी उरलं नाही. आई अनुसया राईस मिलमध्ये धान वाळत घालायला जायची. जाता जाता लेकीला सोडायची आणि रोज तेच सांगायची.

“दुपारी घरी हिचं तोंड दमत नाही, बाई. सकाळ झाली का कुलूप. ऐतवारी बी तसंच. भेवच बसलं हिच्या मनात.”

गोदाबाईने पोरीला हात धरून ओढलं नाही, गुळाचा खडा दाखवून बोलवलं नाही. ती नुसती शेजारी बसून चिंध्यांच्या बाहुल्या शिवायची. हळूहळू पुष्पलता चिंध्या निवडून द्यायला लागली. मग कुणी नवं लेकरू रडायला लागलं की त्याच्या मांडीवर बाहुली नेऊन ठेवू लागली. हसायचीसुद्धा, पण आवाज न काढता. सुट्टी झाली की फाटकाबाहेर आईची वाट पाहत उभी राहायची, आणि मिलमधून आई आली की घरापर्यंत तिची टकळी चालू. फाटकाआत मात्र एक शब्द नाही. मोहल्ल्यातल्या बाया गोदाबाईच्या धीराचं कौतुक करत. आमच्यानं हे झालं नसतं, म्हणत.

आश्विनात मोठ्या बाई तपासणीला यायच्या होत्या. ज्या लेकराला वाचा नाही त्याला इथे ठेवता येणार नाही, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. पोर घरी बसली की अनुसयेचं काम गेलंच. गोदाबाईने तिला शब्द दिला, “मी बोलती करतो हिले. तू आपली कामावर जा.”

मोठ्या बाई आल्या. त्यांनी नाव विचारलं. पुष्पलतेने हात जोडले. पुन्हा विचारलं. तिने ओठ घट्ट मिटले, डोळे भरले. सुट्टीची वेळ टळली तरी मोठ्या बाई कुणाला सोडेनात. शेवटी त्यांनी हिचं नाव कमी करा म्हणून सांगितलं. गोदाबाई उठून पोरीच्या शेजारी जाऊन बसली.

मिलचा बाराचा भोंगा झाला.

“पुष्पलता प्रेमलाल,” पोर खणखणीत म्हणाली. “अन् मले साऱ्या पोरायची नावं येतेत.” आणि तिने एकेकाकडे बोट दाखवून ती म्हणून दाखवली. एक जण नाक पुसत होता, त्याचं टोपणनावही सांगितलं.

मोठ्या बाईंना हसू आवरेना. असा धीर मी कुठे पाहिला नाही, असं त्या गोदाबाईला म्हणाल्या. नाव राहिलं. देवाने लाज राखली, असं मनात म्हणत गोदाबाईने पदराने डोळे टिपले.

पोरं निघाली तेव्हा तिने पुष्पलतेला दारातच जवळ घेतलं. “इतके दिवस काहून नाही बोलली, माय? माझं भेव वाटे का?”

“तुमचं कायचं भेव? तुमीच त एक होत्या, ‘बोल, बोल’ नाही म्हणाच्या.” पुष्पलतेने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला. “भोंग्यापर्यंतचं मौन हाय न. आजीनं धरलं होतं, कार्तिकातल्या एकादशीपर्यंत. थे मंधातच गेली. मी तिले म्हटलं होतं, तू जाय, मी पुरं करतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आईचं बोट सोडून फाटकातून आत आली, ओठ मिटून, पांढऱ्या पावलांना वळसा घालून.