उघडायला लागणारा वेळ

"सर, तुमचा गणिताचा खेळ फक्त विंडोजवर चालतो," जुना विद्यार्थी विनायक फोनवर म्हणाला होता. "मी तो वेबच्या पद्धतीने नव्याने लिहितो. मग कुठल्याही कॉम्प्युटरवर चालेल."

"पण जड होईल रे! पोटात अख्खा ब्राउझर घेऊन फिरेल तो. मी प्रोग्रामची एकेक ओळ छाटून हलका केलाय. क्लिक केलं की हजर!"

तरी शेवटी खांबेटे सरांनीच होकार दिला. मुलांची सोय महत्त्वाची.

नवा खेळ घरोघरी पोचला आणि संध्याकाळी सरांकडे खेळायला येणारी मुलं यायची थांबली. कॉम्प्युटरशेजारची स्टुलं रिकामी राहू लागली. सर ती रोज पुसायचे, जुना खेळ उघडायचे, एकटेच गणितं सोडवायचे आणि बंद करायचे.

आज तळमजल्यावरची गार्गी तिच्या घरी चुकून आलेलं सरांचं पार्सल द्यायला वर आली. पडद्यावर जुना खेळ उघडाच होता.

"अय्या आजोबा, तुमच्याकडे अजून जुनाच? थांबा, नवा टाकून देते."

तिने नवा खेळ उतरवून घेतला आणि क्लिक केलं. पडद्यावर चक्र फिरू लागलं. फिरतच राहिलं.

"किती हळू आहे हो तुमचा कॉम्प्युटर!"

कंटाळून ती स्टुलावर बसली. मग पाय हलवत शाळेतल्या नव्या बाईंची नक्कल करून दाखवू लागली. सर कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसले.

"आजोबा, बंद करून परत उघडू? लवकर येईल कदाचित."

"नको, नको," सर घाईने म्हणाले. "फिरू दे त्याला. हं, मग काय म्हणाल्या बाई?"