रिकाम्या चौकटीचे न्यूट्रॉन

तिसऱ्या पानावर बलरामला चूक सापडली आणि त्याच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

समोर धाकटा भाऊ नंदलाल चहा फुंकत बसला होता. शिष्यवृत्तीवर चार वर्षं फ्रान्सच्या प्रयोगशाळेत काढून तो अठ्ठ्याहत्तरच्या गणपतीला मॉरिशसला, क्वात्र बॉर्नच्या घरी आला होता, आणि आल्यापासून घरात दुसरा विषय नव्हता. शिशाच्या पत्र्यावर गॅमा किरण मारायचे आणि त्याच्या अणुगर्भांतून किती न्यूट्रॉन सुटतात ते मोजायचं, हे त्याचं काम. कळत कोणालाच नव्हतं, तरी गावातल्या मराठी मंडळाने त्याच्या गळ्यात हार घातला. कळत होतं ते एकट्या बलरामला. बारा वर्षं तो कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होता, ह्याच शिष्यवृत्तीसाठी दोनदा अर्ज करून हात हलवत परतला होता. हाराच्या वेळी टाळ्या वाजवताना त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

आज नंदलालचा लेख पोस्टाने फ्रान्सला जायचा होता, पहिल्यांदाच एकट्याच्या नावाचा. दादाने आकडे एकदा नजरेखालून घालावेत, एवढीच त्याची विनंती होती.

चूक साधीच होती. पत्रा चौकटीत बसवून मोजायचं, मग पत्रा काढून नुसती चौकट ठेवून मोजायचं. चौकट रिकामी असली तरी मोजणीत थोडे न्यूट्रॉन येतातच, यंत्रातून, भिंतींतून. ते वजा करायचे. पहिल्या दोन पानांवर केले होते, तिसऱ्यावर राहिले होते. म्हणून तर आलेखाच्या टोकाला ते टेकाड उगवलं होतं, ज्याला नंदलाल नवा शोध म्हणत होता.

पलीकडे ओट्याशी बलरामची बायको चंद्रकला मोदकांसाठी साखर तोलत होती. आधी तिने रिकामं ताट काट्यावर ठेवलं आणि त्याचं वजन पाटीवर लिहिलं.

"कोरेक हाय ना, दादा? समदं बरोबर?" नंदलालने विचारलं.

बलरामने कागद जुळवले. छापून येऊ दे. मग कोणीतरी परदेशातला दाखवून देईल, आणि बघू कोण हार घालतं.

"कोरेक," तो म्हणाला.

नंदलालने बॅगेतून शेवटचं पान काढून पाकिटात सरकवलं आणि पाकीट चिकटवलं. टाकायला बलराम स्वतः गेला; ह्याने परत उघडून वाचत बसायला नको. येताना त्याने गरम गातो-पिमांची, डाळ-मिरचीच्या भज्यांची, पुडी आणली. कित्येक दिवसांत त्याला अशी भूक लागली नव्हती.

नंदलालने एक भजं उचललं. "शेवटल्या पानावर तुजं नाव घातलंय, दादा. सगळे आकडे माझ्या मोठ्या भावानं तपासले, असं लिवलंय. तुज्या कॉलेजचं नाव पन हाय."

बलरामने घड्याळाकडे पाहिलं. साडेचार वाजले होते. पोस्टाची गाडी चारला जात असे. आणि आता बोलावं तर मघाशी कोरेक कोणी म्हटलं होतं? जन्मभर त्याला आपलं नाव छापलेलं पाहायचं होतं.

चंद्रकला आता नारळाचा कीस तोलत होती.

"ताट वजा केलंस?" त्याने विचारलं.

ती हसली. "ते कोन इसरतं?"