नव्वदावी नळी

रक्ताच्या नमुन्याची नव्वदावी नळी वडिलांचीच निघाली. तिने ती बाजूला ठेवली आणि फ्रीजरमधून बाकीच्या एकोणनव्वद नळ्या काढल्या. त्यांतही तीन त्यांच्याच होत्या.

वडिलांच्या फुप्फुसातली गाठ ऑपरेशन करून काढली होती. त्यानंतरचा स्कॅन स्वच्छ होता. पण कॅन्सर पुन्हा पसरू लागला, तर त्याच्या खुणा स्कॅनच्या कितीतरी आधी रक्तात उतरतात. त्या शोधण्याची नवी तपासणी तिच्याच प्रयोगशाळेत चालू होती. तेव्हाच सापडला, तर औषधाला वाव असतो. मात्र तपासणीचा नव्वद नळ्यांचा किट एकदा फोडला की सगळा वापरावा लागे, म्हणून नव्वद नळ्या जमल्याशिवाय मशीन लावायचं नाही, असा नियम होता. तो तिनेच केला होता. आधी जो तो आपल्या ओळखीच्या पेशंटसाठी किट फोडायचा आणि अर्धा वाया घालवायचा.

वडिलांना हा नियम भारी आवडला. जन्मभर तिकीटखिडकीत बसलेला माणूस. एकदा त्यांनी बायकोलाही रांगेत शेवटी उभं केलं होतं. तिची गाडी सुटली, आणि पुढे आठ दिवस घरात अबोला होता.

दुसरी नळी दिली तेव्हा त्यांनी सहज विचारलं होतं, "झाली का गं तपासणी?"

"साठच जमल्यात, बाबा. तुमच्यासाठी फोडू का किट?"

"मुळीच नको. बाप आहे म्हणून मला मधे घुसवू नकोस."

तिला हायसं वाटलं होतं. कॅन्टीनमध्ये तिने हा किस्सा दोनदा रंगवून सांगितला.

मग त्यांची पाठ धरली. त्यांनी खापर खुर्चीवर फोडलं. नवी खुर्ची आली, तरी पाठ सुटेना. गेल्या आठवड्यात स्कॅन केला, तर आजार मणक्यात उतरलेला. चौथी नळी त्यांनी वॉर्डात पडल्या पडल्या दिली, आणि नव्वद भरल्या.

दुपारी मशीनमधून कागद निघाला. तिने तो वाचला, घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवला आणि दोन मजले उतरून वॉर्डात गेली.

"लागला का माझा नंबर?" वडिलांनी विचारलं.

"लागला. पहिल्या तीन नळ्या स्वच्छ आहेत, बाबा. फक्त या आठवड्यातली..."

त्यांनी मोठा श्वास सोडला. इतक्या दिवसांत त्यांचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला.

"बघ. म्हणजे आधी तपासून काही हाती लागलं नसतंच. उगाच मनाला लावून घेऊ नकोस. रांग मोडली नाहीस, बरं केलंस. आता दुसऱ्या कुणासाठीही मोडू नकोस."

तिने मान हलवली. ते कौतुक तिला सोसवेना. ती त्यांच्या पायांवरचं पांघरूण नीट करत राहिली.

खिशातल्या कागदावर आजार चारही नळ्यांत होता, सात महिन्यांपूर्वीच्या पहिल्या नळीतसुद्धा.