उलटी लहर

"कुमुद, चहा टाक," त्र्यंबकराव म्हणाले. पण त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू आला नाही. स्वयंपाकघरातली भांडी मात्र नीट वाजत होती.

"अहो, नुसते ओठ काय हलवताय?" कुमुदताईंनी विचारलं.

गोंधळून ते अंगणात जाऊन ओरडले. तिथे आवाज खणखणीत फुटला.

कुमुदताई दारातच थबकल्या. "अगंबाई, हा तर थोरल्या भाऊजींचा आवाज!"

तेव्हा याच घरात राहणाऱ्या थोरल्या भावाशी बिनसल्यावर त्र्यंबकरावांनी घरात यंत्र बसवलं होतं. दादा काहीही बोलला, की यंत्र तेवढीच उलटी ध्वनिलहर सोडून त्याचा आवाज पुसून टाकी. आता वयानुसार त्यांचाच आवाज दादासारखा झाला होता.

त्यांनी यंत्र बंद करून दादाला फोन लावला.

"हॅलो?"

हे दादा म्हणाला की आपण, तेच त्यांना कळेना.