तिसरा फोन

घरात फोन दोनच उरले होते, म्हणून शिवानीनं राउटरच्या सेटिंगमध्ये वायफायला जोडणाऱ्या फोनना आपोआप वाटायचे पत्तेही दोनच ठेवले. एक तिचा, एक आईचा. शेजारच्या फुकट्यांना आता जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळेला तिच्याच फोनला पत्ता मिळेना.

तिनं आईच्या फोनवर जोडलेल्यांची यादी उघडली. पहिलं नाव रत्नम्मा, तिची आई. दुसरं मल्लिकार्जुन, तिचे वडील.

अप्पांना जाऊन महिना झाला होता. रिवाजाप्रमाणे त्यांना शेतात बसवून, मीठ-विभूती घालून पुरलं होतं. नवा सदरा चढवताना आईनं रोजच्या सवयीनं त्यांच्या खिशात फोन ठेवला, हे माती लोटल्यावर ध्यानात आलं.

शेत तीन कोसांवर होतं. यादीत मात्र त्यांच्या नावापुढं सिग्नलच्या सगळ्या काड्या भरलेल्या होत्या.

शिवानीनं घाबरत आईला दाखवलं. महिन्यात पहिल्यांदाच आईचा चेहरा सैलावला.

"आले म्हणायचे. लई घोर लागला होता बघ."

आईनं तिसरं ताट घेतलं, भाकरी वाढली. शिवानीचा हात आपसूक मिठाकडं गेला.

"त्यांना मीठ नको वाढू," आई म्हणाली. "महिनाभर मिठातच बसले होते."