मेणात बुडवण्याआधी

"हा पिकअप काढूनच टाका, अमांग," रेंगानिस म्हणाली आणि शेजारच्या स्टुलावर बसलेल्या तिच्या आईनं, इमासनं, चटकन गिटारवर हात ठेवला.

इमास खरं तर याच धास्तीनं आली होती. बाजारात जायचंच आहे, येते तुझ्याबरोबर, असं म्हणून ती घरून निघाली. उजुंगबरुंगचा बाजार उलट्या दिशेला आहे, पण रेंगानिसनं तसं बोलून दाखवलं नाही.

गिटार दुरुस्त करणाऱ्या ओपिकला ती अमांग, म्हणजे काका म्हणायची. त्यानं गिटार उलटसुलट करून पाहिली. तारांखालची, त्यांचा आवाज टिपणारी ती दोन वेटोळ्यांची पेटी, म्हणजे पिकअप, त्यानंच गुंडाळली होती, तीस वर्षांपूर्वी, शिलाई मशीनच्या मोटरवर, आपल्या बँडमधल्या गुगुनसाठी. गुगुन म्हणजे इमासचा नवरा. त्याला जाऊन चार वर्षं झाली होती.

"त्रास काय देतो?"

"किंचाळतो. आमच्या गाण्यांत मध्येच एकदम थांबायचं असतं. सगळे गप्प होतात आणि हा एकटा बोंबलत बसतो. रविवारी कार्यक्रम आहे, अमांग."

"मालकावर गेलाय," ओपिक हसला. इमास हसली नाही.

त्यानं फडक्यावर दोन नवे पिकअप मांडले. "हा सिरॅमिक चुंबकाचा. दणका जबरदस्त, पण कुजबुजायला सांगशील तर जमायचं नाही. हा अल्निकोचा. गोड आहे, पण तुम्हा पोरांच्या वेगाला पुरा पडेल की नाही, शंकाच आहे."

"गोड नको. खालची जाड तार घट्ट ऐकू आली पाहिजे, एकेक ठोका सुटा."

"मग पहिला."

"आणि जुन्याचं काय?" इमासनं विचारलं.

"डबीत घालून देतो, तेह इमास. ठेवा आठवण म्हणून."

"डबीत," इमास म्हणाली. ते अशा काही आवाजात म्हणाली, की समोरच पडलेला स्क्रूड्रायव्हर ओपिक उगाच शोधायला लागला.

"त्याच्यात बिघाड काय आहे, ते तरी सांगा."

"बिघाड त्याचा नाही, माझा. पिकअपला मेण पाजायचं असतं, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आतलं वेटोळं सैल राहिलं. म्हणून याला तारा सोडूनही सगळं ऐकू येतं. टिचकी मारा, ऐकू येईल. बोललात तर तेसुद्धा."

"ते मला नका सांगू, कांग ओपिक."

तिला ते कुणी सांगायची गरजच नव्हती. गुगुनच्या हाती माइक द्यायचा नाही, असं बँडमध्ये ठरलेलं होतं, कारण तो एकदा बोलायला लागला की पुढचं गाणं राहूनच जायचं. मग हा पठ्ठ्या गिटार उचलून तोंडाशी धरायचा आणि पिकअपमध्येच हाक मारायचा, "इमास!" पत्र्याच्या पिंपातून यावी तशी ती हाक भर मैदानात घुमायची. काळ्या शर्टांतली, केस वाढवलेली पोरं माना वळवून बघायची. ती लाजेनं अर्धमेली व्हायची, आणि एखाद्या रात्री हाक आली नाही तर घरी जाऊन भांडायची.

"मेण अजूनही पाजता येईल," ओपिक जपून म्हणाला. "वीस मिनिटं बुडवला की वेटोळं जागच्या जागी बसेल. किंचाळणं बंद. दणका आहे त्याच्यात, रविवार निभेल, आणि गिटारमध्येच राहील. फक्त, मग तो तारांचंच ऐकेल. माणसाचं नाही."

रेंगानिसनं आईकडे पाहिलं. "तू म्हणशील तसं, मा. नसेल करायचं तर मी दुसरी गिटार आणीन कुणाची तरी."

म्हणजे ही गिटार भिंतीवर टांगलेलीच राहणार. इमासला ते लख्ख दिसलं.

"जरा वाजव बघू," ती म्हणाली. रेंगानिसनं वायर लावून ॲम्प चालू केला.

रोज भिंतीपलीकडून ऐकलेलं ती आज पहिल्यांदा समोर बसून ऐकत होती. पोरीचा हात जागचा हलल्यासारखाही वाटत नव्हता, आणि ठोके मात्र शेंगा फोडाव्यात तसे सुटे सुटे पडत होते. या वेगाला गुगुनचा हात आला की सगळी खिचडी व्हायची. मग तो केस झटकून वेळ मारून न्यायचा. इमासला हे तीस वर्षं ठाऊक होतं आणि तिनं ते कुणाजवळही काढलं नव्हतं.

रेंगानिसनं तारांवर तळवा दाबला. जिथे शांतता हवी होती, तिथे पिकअप जीव खाऊन किंचाळला. इतका वेळ केलेलं सगळं त्यात वाहून गेलं. पोरीनं दात आवळले, पण तक्रार केली नाही. इमासला एकदम तिची कीव आली, आणि गुगुनचा रागही.

"आण इकडे ती."

तिनं गिटार मांडीवर घेतली. ओपिकनं ॲम्पचा आवाज थोडा कमी केला. रेंगानिस खाली बसली आणि तारा घुमू नयेत म्हणून तिनं त्या दोन्ही हातांनी धरून ठेवल्या. इमास वाकली. तिचे ओठ पिकअपला जवळजवळ टेकलेच.

"गुगुन," ती म्हणाली. कोपऱ्यातल्या ॲम्पमधून तिचाच आवाज बाहेर पडला, बारीक आणि खरखरीत. तिला जरा हसू आलं. तेही ॲम्पमधून ऐकू आलं.

"पोरगी तुझ्यापेक्षा चांगली वाजवते," ती म्हणाली. "राग मानू नकोस."

ओपिक पाठ फिरवून मेणाच्या डब्याखालची शेगडी लावू लागला. रेंगानिसची मान खालीच होती. मग इमासनं आपल्या हातानं वायर उपटली, गिटार ओपिकपुढे धरली आणि म्हणाली, "घ्या. बुडवा आता."