काळ्या जमिनीवरची फुलं

पानं होती, देठ होते, वेलीची वळणं जशीच्या तशी होती. फक्त फुलं नव्हती. छगनशेठने मॉनिटरच्या पडद्यावरून बोट फिरवून पाहिलं, धुळीखाली सापडतील तर सापडतील म्हणून. मग तो हर्षदाकडे वळला आणि तिला म्हणाला, कॉम्प्युटरपासून लांब उभी राहा.

उधन्यातल्या त्या साडी-छपाईच्या कारखान्यात कॉम्प्युटर येऊन सहा महिने झाले होते. त्यावर डिझाइन काढायला कामगारांच्या चाळीतल्या निंबाची पोरगी हर्षदा आली. कालच रंगीत मॉनिटर बिघडून दुरुस्तीला गेला, आणि व्यापारी तर आज डिझाइन बघायला येणार होता. पण शेठ काही कमी हुशार नाही. ऑफिसातला जुना ब्लॅक अँड व्हाइट मॉनिटर त्याने स्वतः उचलून आणला आणि नव्या ग्राफिक्स कार्डाला जोडला. पिना बरोबर बसल्या, चित्रही आलं. म्हणजे मशीन ठीक आहे, गडबड केली ती माणसाने, असं शेठचं सरळ गणित झालं.

संशय आधीपासून मनात होताच. गेल्या महिन्यात इथलं एक डिझाइन छापायच्या आधीच बाजारात दुसऱ्याच्या साडीवर दिसलं होतं. तेव्हापासून शेठ कामगारांचे डबेसुद्धा उघडून बघायचा. आता त्याला चोर सापडला. पोरीने फुलं दुसऱ्याला विकली आणि इथली पुसून टाकली! हर्षदा रडवेली होऊन सांगत होती की साडीच्या काळ्या जमिनीवर लाल फुलं मी कालच भरली, दुसरा रंगीत मॉनिटर लावून बघा. शेठ म्हणाला, पानं दिसतात ना, मग फुलांनीच काय घोडं मारलंय?

हे सगळं धुडकू त्याच्या ट्रेसिंगच्या टेबलाशी उभा राहून ऐकत होता. तीस वर्षं त्याने हाताने साड्यांची फुलं काढली. एका रंगाचं एक ट्रेसिंग, एका ट्रेसिंगची एक छापायची चौकट. ट्रेसिंगखाली कापून टाकायच्या पट्टीत तो दर वेळी बाजरीचं इवलंसं कणीस काढायचा. साडीवर कारागिराचं नाव येत नाही, तेवढीच त्याची हौस. आता दिवाळीनंतर तुझं टेबल काढणार, असं शेठने त्याला सांगून ठेवलं होतं. त्यामुळे ही पोर त्याला डोळ्यांसमोर नको होती. शिवाय तिने काढलेलं नऊ पाकळ्यांचं, एक पाकळी दुमडलेलं फूल त्याचंच होतं. त्याने ते कोणालाच शिकवलं नव्हतं. जुन्या ट्रेसिंगांवरून उचललं असणार. चोरटी आहे, असं तो चाळीत दोघातिघांजवळ बोललाही होता.

शेठने बोलावलं म्हणून तो पडद्यापाशी गेला. आणि बघताच त्याच्या ध्यानात आलं. छपाईच्या टेबलावर नुसती हिरव्याची चौकट मारली की कापड असंच दिसतं. पानं उमटतात, फुलांच्या जागा रिकाम्या राहतात. त्याने पडद्याच्या तळाशी रंगांचे चौकोन असतात तिथे पाहिलं. पोरीच्या खांद्यावरून चोरून बघताना त्याला त्यांचा क्रम पाठ झाला होता. लाल रंगाचा चौकोनही आज काळा ठिक्कर होता. फूल पुसता येईल, पण हा चौकोन कोण कशाला पुसेल? या जुन्या डबड्याला लाल रंग दिसतच नव्हता. काळ्यात काळं मिसळलं होतं, एवढंच.

"धुडकूबाबा, तुम्ही तरी सांगा ना त्यासले," हर्षदा म्हणाली.

शेठने विचारलं, फुलं आहेत की नाहीत?

"दिसत नाहीत, शेठ," धुडकू म्हणाला.

खोटं कुठे बोललो, असं त्याने मनाशी म्हटलं. हर्षदाने डबा उचलला. फाटकात शेठने तोही उघडायला लावला. उधन्यात ती घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. डिझाइन विकणारी म्हटल्यावर पुढे कुठलाच कारखाना तिला दारात उभं करीना.

सहा दिवसांनी रंगीत मॉनिटर परत आला. दुरुस्तीवाल्याने जोडला, आणि काळ्या जमिनीवर लालभडक फुलं उमलली. एकूण एक, दुमडलेल्या पाकळीसकट. शेठ ओशाळला. पण शरम त्याच्याकडे फार वेळ टिकत नाही. त्याने डोळे बारीक केले आणि चित्राच्या खाली, अगदी कडेला बोट ठेवलं. दुरुस्तीवाल्याने तो भाग मोठा करून दाखवला.

कापून टाकायच्या पट्टीत लाल रंगाचं बाजरीचं कणीस होतं. कॉम्प्युटरवर तशी पट्टी लागतच नाही. पोरीने ती मुद्दाम सोडली होती.

शेठला मात्र हुरूप आला. म्हणजे आपला संशय खरा होता! ज्या पार्टीला ती डिझाइनं पोचवत होती, तिचीच ही खूण. त्याने धुडकूला जवळ ओढलं आणि विचारलं, तुला सगळा बाजार ठाऊक आहे, बोल, ही खूण कोणाची?

हर्षदा गेल्यावर कॉम्प्युटर चालवणारं कोणी नव्हतं; ठाऊक नाही म्हटलं की टेबल राहत होतं. खरं सांगितलं तर गेल्या महिन्याची चोरीही आपल्याच गळ्यात पडणार, हे धुडकूला कळत होतं. त्याने त्या कणसाकडे पुन्हा एकदा बघितलं. दाणे त्याच्यापेक्षा सुबक आले होते.

"माझी आहे, शेठ," तो म्हणाला. "आणि त्या दिवशी फुलं होती, हे मला कळलं होतं."